जुनी मालिका पुन्हा पाहायची, पण कुठली प्रत?

दूरदर्शनच्या जुन्या मालिकांचा विषय निघाला की बोलणं ठरलेल्या वाटेनं जातं. माणसं साधी होती, भाग आठवड्यातून एकदाच यायचा, सगळं घर एकत्र बसायचं. त्यात तथ्य आहेच. पण आज तीच मालिका पुन्हा पाहायला बसलेल्या माणसासमोर नेमकं काय येतं, हे कुणी फारसं विचारत नाही. बहुतेक वेळा मूळ भाग येतच नाही. येतं ते वर-खाली कापलेलं चित्र, अर्धी गेलेली हालचाल, छाटलेलं शीर्षकगीत आणि अख्ख्या भागातून निवडलेली चार मिनिटांची भावुक कात्रणं. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर आपण ‘काय दर्जा होता’ किंवा ‘किती संथ होतं सगळं’ असे दोन्हीकडचे निकाल देऊन मोकळे होतो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. कौटुंबिक मालिका हा आपल्या घरांचा गेल्या चाळीस वर्षांचा दस्तऐवज आहे. तो जपायचा की नाही हे वाहिन्यांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. नाशिकसारख्या शहरानं घराघरांत पडून असलेल्या व्हीएचएस कॅसेटी डिजिटल स्वरूपात उतरवून घेण्याची सोय सार्वजनिक वाचनालयात करावी, आणि ती आत्ताच करावी. फीत आणि ती वाजवणारं यंत्र, दोन्ही एकदमच संपत आली आहेत. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिनं २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं. युनेस्को आणि ध्वनी-चित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१९ मध्येच इशारा दिला होता की २०२५ नंतर चुंबकीय फितींवरचं उतरवून घेणं दिवसेंदिवस अवघड होत जाईल. ती मुदत उलटली आहे.

अख्खी मालिका क्रमानं पाहणं का महत्त्वाचं, याचं उत्तम उदाहरण ‘हम लोग’. ७ जुलै १९८४ ला ती सुरू झाली आणि १९८५ च्या डिसेंबरात संपली. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी मालिकांतून लोकशिक्षणाची जी पद्धत बसवली होती, ती इथं वापरून पाहायची होती आणि कुटुंबनियोजन हा मुख्य विषय होता. सुरुवातीच्या तेरा भागांत उपदेश इतका ठासून भरला गेला की प्रेक्षक वैतागले. मग तो सूर खाली आणून लेखक मनोहर श्याम जोशींनी घरातल्या माणसांच्या गोष्टीला मोकळं रान दिलं. मालिकेला चार लाखांहून जास्त पत्रं आली. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी त्यातल्या काही पत्रांचा अभ्यास केला, तेव्हा एक विलक्षण गोष्ट पुढे आली. भागवंती ही सगळं सोसणारी, स्वतःकरता काही न मागणारी आई ‘असं होऊ नका’ म्हणून उभी केली होती. कितीतरी प्रेक्षकांना नेमकी तीच आदर्श वाटली.

भागवंतीचं रडणं तेवढं कापून, मागे करुण संगीत घालून फिरवलं, तर १९८४ चा तोच गैरसमज आपण आज पुन्हा पिकवतो. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत, पात्रांच्या वागण्यावर प्रश्न टाकत आणि निरोप घेताना ‘हम लोग’ हे शब्द वेगवेगळ्या भारतीय भाषांत म्हणत. लेखकाचा हेतू आणि प्रेक्षकाचं आकलन यांतली दरी त्या समारोपात दिसते. कात्रणात समारोप सहसा नसतोच. आईच्या त्यागाकडे तेव्हाच्या घरांनी कसं पाहिलं आणि आज आपण कसं पाहावं, हा वाद घालायचा तर अख्खा भाग हाताशी हवा.

मराठीतही तेच. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून आलेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही तीन पिढ्यांच्या घराची मालिका २००१ मध्ये अल्फा टीव्ही मराठीवर सुरू झाली. त्या काळातल्या अशा मालिकांतले विनोद लोकांना पाठ असतात. पण जपण्यासारखं बरंच काही विनोदांच्या कडेला असतं. फोन दिवाणखान्यात कुठे ठेवलेला आहे आणि तो वाजला की आधी कोण उठतं, मुलीच्या शिक्षणाचं बोलणं कुणासमोर होतं, ओट्यापाशी कोण उभं असतं आणि पेपर कोणाच्या हातात असतो. हे कुणी मुद्दाम नोंदवून ठेवलेलं नाही, म्हणूनच ते विश्वासार्ह आहे. पण त्यासाठी चित्राच्या कडा शाबूत असायला हव्यात.

आणि नेमक्या कडाच जातात. जुन्या दूरचित्रवाणीचं चित्र ४:३ प्रमाणाचं होतं, आजचा पडदा १६:९ चा आहे. पडदा भरून दिसावं म्हणून चित्र कापलं की उंचीचा बरोबर चौथा हिस्सा जातो. कौटुंबिक मालिकेत याचा फटका पंगतीच्या प्रसंगाला सगळ्यात जास्त बसतो. खाली पाटावर बसलेली माणसं आणि उभी राहून वाढणारी सून हे दृश्य उंचीवरच रचलेलं असतं. कापताना एकतर वाढणारीचा चेहरा जातो, नाहीतर पानात काय वाढलंय ते जातं. कापायचं नाही म्हणून कुणी चित्र आडवं ताणलं तर सगळी माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात. बाजूला काळ्या पट्ट्या ठेवणं हाच प्रामाणिक उपाय आहे.

दुसरं नुकसान लगेच लक्षात येत नाही. आपल्याकडच्या पाल या प्रसारण पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा, त्यांतल्या ५७६ दिसणाऱ्या. सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांचं बनलेलं: आधी एक सोडून एक रेषा, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानं उरलेल्या. म्हणजे स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित केलेल्या प्रसंगात हालचालीचे सेकंदाला ५० टप्पे असतात. घाईनं उतरवणारे लोक त्यांतला एक अर्धा फेकून देतात. हालचाल निम्मी होते, बारकावाही घटतो. काही जण दोन्ही अर्धे तसेच चिकटवतात, मग मान वळवणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटतात. पाहणाऱ्याला वाटतं, जुनं म्हणजे असंच असणार. तसं नव्हतं. त्याच चित्राच्या पन्नास टप्प्यांची प्रत केली की घरातला वावर पुन्हा सहज दिसू लागतो. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेनं चित्र ‘सुधारून’ टाकण्याची लाट आली आहे. त्यात आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि सुती लुगड्याचा पोत पुसला जातो आणि त्या जागी यंत्रानं रचलेलं काहीतरी बसतं. जतनाच्या प्रतीला हा हात कधीही लागू नये.

वाहिन्यांनी हे जपायला नको का? हवंच. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा दाखवलं, १३ एप्रिलला डीडी रेट्रो वाहिनी सुरू केली, आणि जुन्या ठेव्याला केवढा प्रेक्षक आहे ते सगळ्यांनी पाहिलं. पण काय जपायचं याचा वाहिनीचा निकष बाजाराचा असतो. पूर्वी फीत महाग होती, तेव्हा जुनं पुसून त्यावर नवं चित्रित करणं हा जगभरचा रिवाज होता. बीबीसीनं ‘डॉक्टर हू’ या आपल्या गाजलेल्या मालिकेचे सुरुवातीच्या वर्षांतले कितीतरी भाग असेच गमावले. त्या हरवलेल्या भागांचा आवाज मात्र आज पूर्ण उपलब्ध आहे, कारण प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो भरून घेतला होता. आपल्याकडे वाहिन्यांची नावं आणि मालकी बदलत गेली. अल्फाची झी मराठी झाली, ईटीव्ही मराठीची कलर्स मराठी. अशा प्रत्येक बदलात जुन्या फितींची गोदामं हलतात, याद्या हरवतात.

घरी भरून घेतलेल्या कॅसेटीत आणखी एक गोष्ट असते, जी वाहिनीच्या मूळ फितीतही नसते. भागाआधीची निवेदिका, मधल्या जाहिराती, मागून येणाऱ्या बातम्यांचे मथळे, आणि मुंबई दूरदर्शनची ती ‘व्यत्यय’ची पाटी. मालिका लोकांनी पाहिली ती या सगळ्यासकट. त्या वेळी गृहिणीला काय विकलं जात होतं हे जाहिरातींवरून कळतं, आणि मालिकेतल्या सुनेशेजारी ते ठेवून पाहिलं की दोन्हींचा अर्थ बदलतो. म्हणून उतरवून घेताना जाहिराती कापू नयेत. या मुद्द्यावर मी जराही तडजोड करणार नाही.

हे काम नाशिकनं का करावं? दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, त्यांच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीचं काम नाशिकात चाललं आणि १९४४ मध्ये ते इथंच वारले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळं होती, आज पहिलं आणि शेवटचं तेवढं उरलं आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक उभं आहे. ते आपण उभारलं, पण मधली रिळं गेली ती गेलीच. याच शहरात १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना, आहे, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, आणि सिडको, सातपूर, नाशिकरोड आणि शहराबाहेरच्या ओझर इथल्या कामगार वसाहतींत ऐंशी-नव्वदच्या दशकांत टीव्ही आणि मागून व्हीसीआर घेतलेली हजारो घरं आहेत. त्यांच्या माळ्यांवर कॅसेटी आहेत. दर दिवाळीच्या साफसफाईत त्यातल्या काही भंगारात जातात.

आता प्रत्यक्ष काम. नाशिकच्या कॅसेटीचा पहिला शत्रू पावसाळा. गोदाकाठच्या जुन्या वाड्यांनी २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर पाहिले, पण पूर न येताही जुलै ते सप्टेंबरच्या दमटपणात बंद कपाटातल्या फितीवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा धागे दिसले तर ती कॅसेट यंत्रात घालायची नाही. व्हीसीआरच्या हेडमधली, म्हणजे फीत वाचणाऱ्या चुंबकीय टोकातली, फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असते आणि बुरशीचा कण तिच्या कित्येक पट मोठा. एक बुरसटलेली कॅसेट हेड बंद पाडते आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागण करते. अशा कॅसेटी आधी सिलिका जेलसोबत घट्ट डब्यात काही दिवस ठेवायच्या. बुरशी सुकून भुकटी झाली की मास्क आणि हातमोजे घालून, उघड्या हवेत, मऊ ब्रश आणि धागे न सुटणाऱ्या कापडानं फीत हळूहळू गुंडाळत पुसायची. त्यासाठी एक वेगळं, फक्त गुंडाळणारं यंत्र ठेवावं. उन्हात वाळवणं हा घरोघरी सुचणारा उपाय घातक आहे: उष्णतेनं प्लॅस्टिकचा तळ वाकतो, फीत लाटा धरते आणि पुढे ट्रॅकिंग, म्हणजे हेडचं फितीवरच्या रेघेवर बरोबर चालणं, कधीच नीट बसत नाही. सगळं मोठं काम दिवाळी ते होळी या कोरड्या हवेत उरकावं, पावसाळ्यात फक्त नोंदी आणि तपासणी करावी.

निरोगी कॅसेटही आणल्या आणल्या वाजवू नये. एक दिवस त्याच खोलीत राहू द्यावी, मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळावी, म्हणजे सैल पडलेली गुंडाळी सारखी होते. त्याआधी कॅसेटच्या कण्यावरचं कोपऱ्यातलं छोटं प्लॅस्टिकचं पातं पाहायचं. ते असेल तर तोडून टाकायचं, म्हणजे चुकून बटण दाबलं तरी वर काही भरलं जाणार नाही. आपल्याकडे पुन्हा भरता यावं म्हणून तुटलेल्या पात्याच्या जागी चिकटपट्टी लावायची पद्धत होती. ती पट्टी काढायची आणि डिंकही पुसायचा, नाहीतर गरम यंत्रात तो सुटून आत पसरतो.

यंत्राकडे लक्ष त्याहून जास्त हवं. वीस-पंचवीस वर्षं पडून असलेल्या व्हीसीआरमध्ये फीत ओढणारा रबराचा पिंच रोलर कडक झालेला असतो, पट्टे सैल पडलेले असतात आणि वीजपुरवठ्यातले कॅपॅसिटर सुकलेले असतात. पहिली चाचणी नेहमी टाकाऊ कॅसेटवर घ्यावी. हेड साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि साबराच्या कातड्याचा तुकडा वापरावा. तुकडा ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याला, टेकवून स्थिर धरायचा आणि ड्रम हातानं सावकाश फिरवायचा. वर-खाली घासलं की हेडचं टोक तुटतं. कापसाचा बोळा तर अजिबात नको, त्याचा धागा टोकात अडकतो.

एका ई-१८० कॅसेटमध्ये सुमारे अडीचशे मीटर फीत असते आणि नेहमीच्या गतीनं ती तीन तास चालते. काटकसर म्हणून अनेकांनी निम्म्या गतीनं सहा तास भरून घेतलं. त्यात चुंबकीय रेघ अरुंद असते आणि ट्रॅकिंग लवकर बिघडतं. ज्या यंत्रात ती भरली असेल ते मिळालं तर त्यातच ती सर्वांत नीट वाजते, म्हणून कॅसेट देणाऱ्याकडे जुना व्हीसीआर आहे का हे विचारायला विसरू नये, बंद असला तरी. चित्राच्या उभ्या कडा नागमोडी हलत असतील तर संगणकापाशी जाण्याआधी मधे टाइमबेस करेक्टर, म्हणजे चित्राच्या रेषांची वेळ सारखी करणारं यंत्र, लागतो. त्याऐवजी पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर नुसते मधे जोडूनही कडा बऱ्याच सरळ होतात. व्हीसीआर संगणकाला जोडणाऱ्या स्वस्त यूएसबी डोंगलचा दोष असा की सिग्नल डळमळला की ते चित्रं गाळतं आणि तासाभरानं आवाज ओठांच्या मागे-पुढे होतो.

उतरवताना ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं, दोन्ही अर्धे शाबूत आणि आवाज ४८ किलोहर्ट्झवर न दाबता (कॉम्प्रेस न करता) घ्यावा. काहीही न दाबता घेतलं तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. एफएफव्ही१ या, माहिती न गमावणाऱ्या पद्धतीत ते तीसेक जीबीवर येतं, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला ९० जीबी. पाहण्यासाठीची पन्नास टप्प्यांची प्रत तासाला दीड जीबीच्या आत बसते. हा हिशेब ठरवणाऱ्यांनी आधीच मांडावा, कारण असे उपक्रम डिस्क भरल्यावर बंद पडतात. दोन यंत्रं, प्रत्येकावर दिवसाला दोन कॅसेटी, म्हणजे वर्षाच्या अडीचशे कामाच्या दिवसांत हजार कॅसेटी. त्यांना ९० टीबी, आणि वेगळ्या इमारतीत ठेवायच्या दुसऱ्या प्रतीला तेवढेच. म्हणून निवड अटळ आहे. भाड्यानं मिळणारे हिंदी चित्रपट घ्यायची गरज नाही. घरी भरलेलं प्रसारण आधी, त्यात मराठी आधी, आणि नव्वदच्या दशकातल्या नाशिकच्या स्थानिक केबलवरचं काहीही सापडलं तर त्याला सगळ्यांच्या पुढे जागा. ते इतर कुठेच नसणार.

कायद्याची भीती घालणारे भेटतील, त्यांचं म्हणणं गंभीरपणे घ्यावं. चित्रित कृतीवरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९८४ ची मालिका २०४४ अखेरपर्यंत संरक्षित आहे. पण १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ साली सुधारणा झाली आणि कलम ५२ नं ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे असलेल्या, डिजिटल नसलेल्या प्रतीचं जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवण करण्याची मुभा दिली. त्यामुळे क्रम महत्त्वाचा: कॅसेट आधी वाचनालयाला कायमची भेट द्यायची, दाखल नोंदवहीत तिला क्रमांक पडायचा, मग ती उतरवायची. ‘उतरवून द्या आणि परत करा’ या पद्धतीत हा आधार उरत नाही. मुभा साठवणीची आहे, इंटरनेटवर टाकण्याची नाही. म्हणून पाहण्याची सोय सध्या वाचनालयातच, अभ्यासाचं काम नोंदवून येणाऱ्यांसाठी ठेवावी. कुठल्या मालिकेचा कुठला भाग इथं आहे याची यादी मात्र सर्वांसाठी खुली असावी. मूळ फीत हरवलेली एखादी वाहिनी उद्या त्या यादीतूनच शोध घेत येईल.

पैशापेक्षा मोठी अडचण कारागिरांची आहे. फीत ड्रमभोवती ज्या दोन खुंट्यांवरून वळते त्यांची उंची केसभर हलली तरी चित्राचा वरचा किंवा खालचा पट्टा फुटतो. ती उंची चित्राकडे बघत, पेचकसानं जरा-जरा फिरवून बसवणारे मेकॅनिक या शहरात होते. महात्मा गांधी रोडच्या आसपास आणि नाशिकरोडला त्यांची दुकानं चालायची. त्यातले बरेच आता निवृत्तीच्या वयाचे आहेत. मुक्त विद्यापीठानं त्यांना मानधनावर बोलवावं, सातपूरच्या आयटीआयमधली इलेक्ट्रॉनिक्सची दोन-तीन मुलं त्यांच्या हाताखाली द्यावीत आणि सावानानं एक कोरडी खोली द्यावी. महापालिकेनं डिस्कचा खर्च उचलावा. येत्या दिवाळीच्या आधी ‘कॅसेटी भंगारात देऊ नका, वाचनालयात आणून द्या’ एवढं शहरभर सांगितलं, तरी डिसेंबरात पहिल्या कॅसेटी यंत्रावर चढू शकतात.